कोंडीदादाचे गुडघे

माझा थोरला भाऊ कोंडिबा जाऊन महिना होत आला. तो जायच्या आदल्या दिवशी पौडच्या शाळेत मी चौथीच्या मुलांना भूगोल शिकवत होतो. तेवढ्यात आमच्या घोटावडे गावाहून सायकल मारत आलेला शेजारी नामा दारातूनच ओरडला, "गुरुजी, चला लवकर! कोंडीभाऊचा ताप डोक्यात गेलाय, टरकात घालून पुण्याला न्येलाय." मी तसाच निघालो. एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला काळजीपेक्षा रागच जास्त येत होता. आठ वर्षं मी या भावाशी धड बोललो नव्हतो, आणि आता धावतपळत जायचं ते मीच... तो राग अजून गेलेला नाही. फक्त दादावरून उठून तो गावावर, त्याला परदेशी नेणाऱ्यांवर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर येऊन बसला आहे. गेलेल्या माणसाविषयी शांत मनानं लिहावं म्हणतात. माझं मन शांत नाही, त्याला माझा इलाज नाही.

दादाला गाव 'कोंडीसाहेब' म्हणायचं, आणि ते कौतुकानं नव्हे. कुवेतला मोठमोठ्या इमारतींत फरश्या बसवणारा हा माणूस दोन-अडीच वर्षांनी सुट्टीवर यायचा. आला की पँट घालून हिंडायचा. लग्नाच्या पंगतीला मांडी घालून बसायचा नाही, पत्रावळ हातात घेऊन उभ्यानं जेवायचा. देवळात भजनाला खांबाला टेकून उभा राहायचा. "खाली बसला तर सायबाची इस्तरी मोडंल," असं म्हणून माणसं खिदळायची आणि दादाही त्यांच्यात हसायचा. कारण एवढंच होतं की त्याचे गुडघे गेले होते. रांगत काम करण्यापुरते ते कसेबसे वाकत, पण मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला लागतं तेवढे दुमडत नव्हते. हे गावात एका वहिनीखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं आणि तिला त्यानं शपथ घातली होती.

सोळाव्या वर्षी तो मुंबईला घमेली वाहायला गेला. तिथल्या एका कच्छी मिस्त्रीनं त्याचा हात ओळखला आणि त्याला मोझॅकच्या कामाला लावलं. दादाचा कान फार तयार. बसवलेल्या फरशीवर थापीच्या मुठीनं टकटक करायचा, जराशी पोकळ वाजली की दुसऱ्यानं बसवलेली असली तरी उपटून काढायचा. त्यावरून भांडणंही ओढवून घ्यायचा. कुवेतच्या पहिल्या फेरीहून आला तेव्हा एक गोष्ट त्यानं आम्हाला चार वेळा तरी सांगितली असेल. तिथं एक इस्पितळ बांधत होते. न्हाणीघराची फरशी झाल्यावर गोरा इंजिनिअर पाण्याची बादली घेऊन आला. "सायबानं काय न बोलता बादली उपडी केली," दादा सांगायचा, "आन् पानी बग, गुमान मोरीकडं चाललं. येक थेंब मागं ऱ्हायला न्हाई. सायेब म्हनला, ह्या कोंडीला समदा मजला द्या." तो मजला त्यानं केला, त्याच्या वरचे तीन केले. त्या मजल्यांनीच त्याचे गुडघे खाल्ले. पण ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? आम्ही त्यानं आणलेली अत्तराची बाटली हुंगत बसलो होतो.

आमचे वडील गेले तेव्हा योगायोगानं तो सुट्टीवर होता. मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकत होतो, दादाच्याच जिवावर. दहाव्याला सगळा गाव नदीकाठी जमला. थोरल्या मुलानं बसून पिंड करायचे. भटजींनी दर्भ पुढं केला तरी दादा उभाच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उब्यानं क्येलं तर चालंल का?" भटजी "चालेल" असं काहीतरी पुटपुटले, पण भावकीतले आमचे चुलते, आबा, पुढं झाले. "बापाला पिंड उब्यानं? कुवेतची रीत हितं न्हाई चालायची! सर बाजूला. ये रं धाकल्या, तू बस." दादानं माझ्याकडं पाहिलं. एवढंच... फक्त पाहिलं. आणि मी, चार बुकं शिकलेला, शहरातल्या वसतिगृहात राहणारा, सगळ्या गावासमोर म्हणालो, "बापापेक्षा तुझी इस्तरी मोठी झाली, दादा!" माणसं हसली. दहाव्याच्या दिवशी, नदीकाठी, हसली. मी त्याच्या जागी बसलो आणि थोरल्याचा मान धाकट्यानं घेतला.

त्यानंतर त्याची पत्रं येत राहिली. मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, प्रत्येक वेळी पत्र. मी पोस्टकार्डावर तीन ओळी खरडून पाठवायचो. सुट्टीवर यायचा तेव्हा मी पौडलाच थांबायचो. शाळेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या मला कुणी कधी साहेब म्हटलं नाही. जन्मभर लोकांच्या पायाखाली रांगणाऱ्याला मात्र म्हटलं.

पुण्याच्या दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर माझ्यावरच डाफरले. "घरात माणसं आहात की कोण? इतके दिवस हे अंगावर काढू दिलंत?" त्यांनी चादर वर केली. दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजलेले, वरची कातडी काळी पडून भेगाळलेली, आणि उजवा फुटून वाहत होता. ते विष अंगभर पसरलं होतं. आठ वर्षांत, नव्हे, त्याच्याही आधीपासून, मी माझ्या भावाचे गुडघे पाहिलेच नव्हते.

तापाच्या मधल्या उघडिपीत तो बोलला. "पयल्या फेरीतच गेलं रं गुडघं. शिमिटाचं पानी कातडं खातं. गोऱ्या कारागिरांला गुडघ्याला बांदायला चामड्याच्या गाद्या द्यायचे. आमाला गोनपाट. ते भिजलं तरी वाळंस्तवर काम थांबवाया मिळायचं न्हाई." अखेर यंदा मुंबईत बोटीवर चढायच्या आधी कंपनीच्या डॉक्टरनं त्याचे गुडघे दाबून पाहिले आणि कागदावर फुली मारून परत पाठवलं. ज्यांनी ते गुडघे वापरून घेतले त्यांनीच ते नापास केले.

"मग नदीवर त्या दिवशी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वळून पाहू लागला.

"शेजारच्या चांदे गावचा मुकादम उबा व्हता न्हवं तितं! त्योच मानसं न्यायचा कुवेतला. त्याच्या कानाव गेलं आसतं तर मला परत कोन न्येनार व्हतं? तुजं येक वरीस ऱ्हायलं व्हतं."

"मला एकट्याला तरी सांगायचंस."

"तू कालेज सोडलं आसतंस, बाळू."

मी सोडलं असतं का? दादाला त्याची खात्री होती. मला नाही. हा प्रश्न तो माझ्या गळ्यात अडकवून गेला आणि त्याबद्दलही मला त्याचा राग येतो. मोठेपणा करायचा तर निदान विचारून करावा की नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दादाला मुलगा नाही, म्हणून दहावं मीच केलं. मी बसलो नाही. उभ्यानंच वाकून पिंड ठेवले, एकेक करून, कंबर भरून येईपर्यंत. भटजी मंत्र म्हणत राहिले. माझा चेहराच तसा असावा, कारण आबांनीही या वेळी रीत काढली नाही.

घरी आल्यावर माणसं पडवीत टेकली. या पडवीला शहाबादी फरशी आहे. मुंबईहून परत पाठवल्यावर दादानं तीच एक गोष्ट हाती घेतली होती. वहिनी नको म्हणत होती. "मुलखाच्या फरश्या क्येल्या, घरात येक तरी करू दे," म्हणाला. कुणी रांगताना, भिंतीला धरून उठताना बघू नये म्हणून पडवीला गोणपाटाचा पडदा लावून महिनाभर काम करत होता. गावानं त्यावरही विनोद केले. उजवा गुडघा फुटला तो ही फरशी बसवताना.

आबा मधोमध ऐसपैस मांडी घालून बसले. वहिनीनं दिलेला चहा प्याले, फरशीवरून तळवा फिरवला आणि चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गार हाय रं लई. कोंडीसायबानं काम मातूर झ्याक क्येलं."

"उठा, आबा," मी म्हणालो.

"आं?"

"त्या फरशीवरून उठा."

दुखवट्याच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. वहिनी दारात येऊन उभी राहिली. आबांचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मांडी सोडली आणि भिंतीला, जमिनीला, कशालाही हात न लावता सरळ उभे राहिले.