न प्यालेल्या लाल बाटल्या

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना मी तोंडावर कायम 'सर' म्हणत आले आणि मनात कधीच म्हटलं नाही. ते गिरगावातले, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. मी वरळी कोळीवाड्यातली, परळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी. ऑफिस परळलाच होतं, संपात बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर बांधलेल्या काचेच्या इमारतीत. आम्ही दिवसभर विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचो आणि सर आमच्या मागे उभे राहून ते बघायचे.

शनिवारी अर्धा दिवस असे. ऑफिस सुटलं की आम्ही सहाजण लालबागच्या एका सायबर कॅफेत जायचो आणि ऑनलाइन गेम खेळायचो. देशोदेशीची माणसं त्यात एकाच वेळी असायची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, टोळी जमवायची आणि राक्षस मारत फिरायचं. टोळीला 'गिल्ड' म्हणत. आमच्या गिल्डचे प्रमुख अर्थातच सर. त्यांच्याबरोबर त्यांची हांजी हांजी करणारे तिघे, एक मी आणि एक आमच्यातला अबोल मुलगा. त्याचे वडील आमचं ऑफिस उभं होतं त्याच गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संपात बाहेर पडले ते पुन्हा आत आले नाहीत. मुलगा मात्र रोज त्याच फाटकातून गळ्यात कार्ड घालून आत जायचा.

चौघांना तलवारी हव्या होत्या, त्या अबोल मुलाने ढाल घेतली. माझ्या वाट्याला औषधं आली. रानात हिंडून पाला गोळा करायचा, तो उकळायचा आणि लाल बाटल्या भरायच्या. त्यांना पोशन म्हणत. लढताना एक प्यालं की जखमा भरून येत आणि बाटली संपून जाई. तलवार वर्षभर मिरवता येते, बाटलीचं तसं नाही. म्हणून सरांच्या तिघांना ते काम हलकं वाटायचं. "तू आपली पाला खुडत बस," त्यातला एकजण म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. त्याच्या त्या चकचकीत तलवारीनिशी तो माझ्या बाटलीशिवाय दोन मिनिटंसुद्धा टिकत नसे.

बाटल्या सगळ्या सरांकडे जमा करायच्या, असा नियम त्यांनीच केला होता. लढाईआधी ते प्रत्येकाला दोन-दोन द्यायचे आणि उरलेल्या आपल्या पिशवीत ठेवायचे. जास्त मागितली की म्हणायचे, "अगं, मोठ्या लढाईला लागतील. आत्ता कशाला उधळायच्या?" स्वतःही प्यायचे नाहीत. अंगात दोनच घाव सोसायची ताकद उरली तरी मागे सरकून झाडाखाली बसून राहायचे, ताकद आपोआप भरून येईपर्यंत. आम्ही पुढे मरत असायचो.

ऑफिसातही त्यांचं हेच होतं. नारळी पौर्णिमेला मी रजा मागितली तर म्हणाले, "रजा अशी खर्च करू नये. पुढे खरी गरज लागली तर?"

"सर, नारळी पौर्णिमा उद्या आहे. गरजही उद्याच आहे."

"तुम्हा लोकांना शिल्लक ठेवायची सवयच नाही," ते म्हणाले. मी तरीही रजा घेतली. मार्चअखेर त्यांच्या स्वतःच्या सगळ्या रजा वाया गेल्या, आणि तेही ते कौतुकाने सांगत फिरले. एवढा बिनडोक अभिमान मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

मग मोठी लढाई आली. डोंगरातल्या गुहेतला एक अजगर मारायचा होता. महिनाभर मी दुसरं काही केलं नव्हतं, फक्त बाटल्या भरल्या होत्या. कॅफेत सहाही कॉम्प्युटर एका रांगेत मिळाले होते. सरांनी दोन-दोन बाटल्या वाटल्या. अजगराने पहिल्या तडाख्यात तिघांपैकी एकाला लोळवलं, मग दुसऱ्याला.

"सर, बाटल्या द्या!" मी ओरडले.

"थांब गं, शेवटच्या टप्प्याला लागतील."

तिसरा पडला. ढालवाला एकटा अजगर अडवून उभा होता. त्याची ताकद झरझर उतरताना मला दिसत होती. माझ्या दोन बाटल्या मी त्याला दिल्या, पण त्या पुरणार नव्हत्याच. "निदान तुम्ही तरी प्या! प्या ना, सर!" कॅफेतले बाकीचे लोक माना वळवून बघायला लागले. ढालवाला पडला, मग मी. शेवटी सर. पिशवी तशीच भरलेली घेऊन ते मेले.

मग सर खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "औषधं कमी पडली. तू अजून मेहनत घ्यायला हवी होतीस."

ते तिघे माना डोलवायला लागले. मी म्हटलं, "सर, पिशवी उघडून दाखवा."

"काय संबंध?"

एवढ्यात तो अबोल मुलगा उठला, सरांच्या खांद्यावरून हात घालून त्याने त्यांचा माउस धरला आणि पिशवी उघडली. स्क्रीनभर लाल बाटल्या. शंभराच्या वर असतील. महिनाभराचं माझं काम रांगेने मांडून ठेवलेलं, एकाही बाटलीला तोंड न लावलेलं.

"कमी नाही पडल्या," तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचं एवढंच वाक्य मी सलग ऐकलं. सरांनी घाईघाईने पिशवी बंद केली आणि पुटपुटले, "हे प्लॅनिंग आहे. तुम्हाला नाही कळणार."

घरी आईला मी हा प्रकार जमेल तसा समजावून सांगितला. ती मासळीची पाटी धूत होती. म्हणाली, "म्हंजे बरफ होता, तरी म्हावऱ्यावर टाकला नाय? आन म्हावरा कुजवला?"

"हो."

"मंग येडाच हाय तो. आन तू गो? तू त्याला बरफ भरून देत बसलीस?"

महिनोन्‌महिने मी त्या माणसाची कोठी भरत होते आणि वर 'सर, सर' करत होते. त्याची जेवढी चीड आली, तेवढीच स्वतःचीही आली.

मी गिल्ड सोडली. ढालवालाही सोडून आला. आम्ही दोन अनोळखी खेळाडू जोडीला घेतले. लढाईआधी सगळ्या बाटल्या मी वाटून टाकायचे आणि एकच नियम सांगायचे: ताकद अर्धी झाली की प्यायची, विचारायचं नाही. तिसऱ्या खेपेला अजगर मेला. तेव्हा आमच्या चौघांत मिळून एक बाटली उरली होती, तीही ढालवाल्याने जिंकल्यावर उगीचच पिऊन टाकली. मी इतकी हसले की कॅफेवाला बघायला आला.

पुढे काही महिन्यांनी गेमच्या कंपनीने नियम बदलले. नवी औषधं आली आणि जुन्या लाल बाटल्यांची ताकद इतकी उतरली की साधा ओरखडाही त्यांनी भरेना. आमच्याकडे जुन्या नव्हत्याच. सरांनी कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली. 'आमच्यासारख्या काटकसरी खेळाडूंवर हा अन्याय आहे', अशी. ती त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केली आणि व्याकरण तपासायला माझ्याकडे दिली. मी तपासून दिलं. कंपनीकडून उत्तर आलं नाही.

त्यांनी गेम सोडला त्या शनिवारी मी कॅफेत बसून गेममधल्या रानात पाला खुडत होते. त्यांचं पात्र माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि देवाणघेवाणीची चौकट उघडली. आत त्या सगळ्या बाटल्या. खाली त्यांनी लिहिलं होतं, "तुझ्यासाठी जपून ठेवल्या होत्या. घे."

मी 'नाही'चं बटण दाबलं. चौकट पुन्हा उघडली. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मी ती तशीच उघडी ठेवली आणि ढालवाल्याबरोबर कॅफेखाली चहा प्यायला गेले.