आधी कुणाला उचलणार?

सुखदेई पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हाताला तीन वर्षांची पोर होती आणि पोरीच्या काखेत घडी घातलेलं गोणपाट. मला वाटलं, काहीतरी विकायला आल्या.

"कुछ नको, बाई, आगे जाओ," मी म्हटलं. माझं हिंदी भाजीवाल्यापुरतंच. तोही हसतो.

"अम्मा, हम बच्चा रखने आए हैं. मेमसाहब बुलाई हैं."

मेमसाहेब म्हणजे आमची सून शुभदा. माझा मुलगा उल्हास रेल्वेत, म्हणून आम्ही लखनौला मानक नगरच्या क्वार्टरात. शुभदा बँकेत. नात रुचा आठ महिन्यांची झाली होती आणि शुभदाची रजा संपत आली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं होतं. मी आहेच की घरात, पण माझे गुडघे म्हणजे नुसते शोभेचे. रांगणाऱ्या पोरामागे धावायचं त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

शुभदाने सुखदेईला सगळं विचारलं. शेवटी म्हणाली, "बच्ची को घर पे नहीं छोड़ सकतीं?"

"किसके पास छोड़ें, मेमसाहब? इसके बापू रंगाई-पुताई के काम से कानपुर में हैं. सास थीं, सो गुजर गईं. बिट्टन रहेगी तो हम रहेंगे."

एवढं होईस्तोवर बिट्टनने दाराशी गोणपाट पसरलं होतं आणि त्याच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसली होती. मी विचारलं, हे काय? तर आधी ज्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, सुखदेई काम करायची, तिथे पोरीला फरशीवर बसू देत नसत. तेव्हापासून पोरगी आपलं बसायचं घेऊनच निघते. मी पाच पोरं वाढवली, पण सांगितल्याशिवाय जागचं न हलणारं तीन वर्षांचं पोर कधी पाहिलं नव्हतं. मला ते काही बरं वाटलं नाही.

शुभदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, बाई चांगली वाटतेय. पण दोघी एकदम रडल्या तर ही आधी कुणाला उचलणार?"

"तिलाच विचार की."

"विचारायचं काय त्यात? स्वतःच्या पोरीलाच उचलेल. मीसुद्धा तेच करीन." तिचे डोळे भरले होते. पहिलं पोर सोडून जायचं म्हणजे जीव कसा होतो, ते मला ठाऊक होतं. "संक्रांतीपर्यंत बघू. नाहीतर पोर नसलेली बाई शोधू."

हे सुखदेईला सांगितलं. तिने मान हलवली, पदर खोचला आणि रुचाला मांडीवर घेतलं. पोरीसकट कामाला ठेवणारं दुसरं घर तिला कुठे मिळणार होतं?

रोज धुकं फाटून ऊन पडलं की अंगणात खाट टाकून ती रुचाला सरसूचं तेल चोळायची. शुभदा नाक मुरडायची, म्हणायची, पोरीला लोणच्याचा वास येतो. पण तेल लावून झालं की रुचा अशी झोपायची, की दोनदोनदा जाऊन श्वास बघावा लागायचा.

एके दिवशी पाहते तर रुचा गोणपाटावर आरामात पसरलेली आणि बिट्टन बाजूला उभी.

"अगं, तू का उभी?"

"अम्मा, हमारे बोरे पे मेहमान आई है."

मी हसले. शुभदाही हसली, पण लगेच तिने विचारलं, "यह बोरा धुला हुआ है न?" सुखदेईने तिथल्या तिथे ते धुतलं. पौषातलं लखनौचं धुकं, ते वाळतंय कुठलं! ते वाळेपर्यंत बिट्टन आमच्या घरात उभीच राहिली. बस म्हटलं की म्हणे, कुठे बसू? मी माझी गोधडी दिली, तर तिच्यावर तिने आधी रुचालाच बसवलं.

संक्रांत आली. इथले लोक त्या दिवशी खिचडी करतात, सणाचं नावच खिचडी. आमच्याकडे रुचाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, पुण्याहून मागवलेले हलव्याचे दागिने, टोपलीत चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे, बत्तासे. छावणीतून ओळखीच्या मेजरसाहेबांची बायको कांचन आली होती. डोक्यावरून ओतायचा मान तिचा. उल्हासने कॉलनीतली पोरं गोळा केली आणि अंगणात ओळीने उभी केली. पतंग लुटण्यात तयार झालेली पोरं ती! त्यांना म्हणतो कसा, "जैसे ही आंटी गिराएँगी, टूट पड़ना! जो मिले, लूट लेना!"

सगळं झालं, फक्त बोरन्हाण म्हणजे काय ते सुखदेईला सांगायचं राहून गेलं. आपल्याला वाटतं, हे जगात सगळ्यांना माहीत असतं.

ती पाटामागे रुचाला धरून बसलेली. आधीच तिची नजर त्या पोरांवर. कांचनचा हात लष्करी, तिने माप भरून उंचावरून सोडलं. टणाटण बोरं पडली. रुचाने भोकाड पसरलं, पोरं ओरडत धावली, आणि सुखदेईने "हाय दैया!" म्हणत रुचाला पोटाशी घेतलं ते कासवासारखी वाकून जमिनीलाच टेकली. उरलेलं अख्खं माप तिच्या पाठीवर.

पुढे बिट्टन. दोन्ही हात पसरून पोरांच्या वाटेत उभी. आमच्या घरात तोवर मोठ्याने बोलली नव्हती ती. आता केवढ्याने ओरडली, "हमारी बिटिया को मत मारो! हट जाओ सब!"

पोरं कसली थांबतात! एकाचा धक्का लागला नि बिट्टन चुरमुऱ्यांत आडवी. तीही रडायला लागली. दोघी एकदम रडत होत्या. सुखदेईने मान वर करून आपल्या पोरीकडे पाहिलं, पण रुचाभोवतीची मिठी काही सोडली नाही.

मग बिट्टनला उचललं कुणी? शुभदाने. नव्या जरीच्या साडीनिशी धावली, पोरीला कडेवर घेतलं, तिच्या केसांतले चुरमुरे काढत म्हणाली, "नहीं रे बेटा, कोई मार नहीं रहा. यह तो लाड़ है हमारे यहाँ का."

सुखदेई हळूच उठली. "लाड़? बेर मार के?"

कांचन हसता हसता खालीच बसली. आम्ही सगळ्या हसलो. सुखदेई एवढीशी झाली. म्हणाली, "मेमसाहब, हमसे पूजा बिगड़ गई. कल से न आएँ?"

"न आएँ म्हणजे? कल मुझे बैंक जाना है," शुभदा म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "आई, बोरन्हाण कितव्या वर्षापर्यंत करतात हो?"

"पाच."

"मग हिलाही बसवा."

बिट्टनला पाटावर बसवलं आणि मांडीत रुचा. हलव्याचा मुकुट बिट्टनला, हार रुचाला. या वेळी कांचनने अगदी हलक्या हाताने सोडलं. पहिलं बोर नाकावर पडलं तशी बिट्टन हसली, ती हसली म्हणून रुचा हसली. सुखदेई आता पोरांबरोबर बत्तासे वेचत होती.

दुसऱ्या दिवशी शुभदा पर्स घेऊन फाटकापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली. आत रुचा रडायला लागली. ती रडते म्हणून बिट्टननेही सूर लावला. शुभदा मागे वळली, तर दारात सुखदेई, एका कडेवर एक, दुसऱ्या कडेवर दुसरी.

"जाइए मेमसाहब! भगवान कमर के दो बाजू काहे दिए हैं?"

शुभदा गेली. मी घरात यायला वळले तर गोणपाट दाराबाहेर चपलांखाली पसरलेलं. थोड्या वेळाने कडेवरून उतरून बिट्टनने कोपऱ्यातला पाट ओढून मांडला, त्यावर बसली आणि मला म्हणाली,

"अम्मा, आज बेर नहीं गिराओगी?"