तारेवरचा नीळकंठ

पोलीस अ‍ॅक्शनला महिनाही झाला नव्हता आणि दसरा आला. निजामाची सत्ता गेली होती, पण जालन्यात आता नेमका हुकूम कुणाचा, सिक्का कोणता चालणार, शाळा कधी उघडणार, यातलं एकही कुणाला धड सांगता येत नव्हतं. मी अठरा वर्षांचा होतो. मला काही कळत नव्हतं यात नवल नाही, पण वडिलांनाही कळत नाही हे पाहून मला भयंकर राग यायचा.

आमचं घराणं मूळ मारवाडातलं. चार पिढ्या जालन्यात कापसाचं दुकान. रझाकारांच्या धामधुमीत दुकानाला कुलूप घालून आम्ही हद्दीपलीकडे, वऱ्हाडात देऊळगावराजाला गेलो होतो. आता वडील आणि मी दोघेच परतलो होतो, आई आणि बहिणी अजून तिकडेच. दुकान उघडून त्यांना घेऊन यायचं, की सगळं आवरून मारवाडात जायचं? वडील सकाळी एक ठरवत आणि संध्याकाळी दुसरं. मी मारवाड डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मला जायचं नव्हतं, आणि मला कुणी विचारतही नव्हतं.

शेवटी त्यांनी ते नीळकंठावर सोपवलं. आमच्यात दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं. दरवर्षी पाखरं धरणारा एक जण टोपलीवर फडकं टाकून दुकानी यायचा. वडील फडकं काढायचे, निळाभोर पक्षी भर्रकन उडून जायचा आणि आम्ही हात जोडायचो. त्या वर्षी तो फिरकलाच नाही.

"दिवस मावळायच्या आत दिसला तर ऱ्हायचं," वडील म्हणाले. "न्हाई दिसला तर मारवाडची गाडी पकडायची. आन् तोंड बंद ठेव. शकुन बोलून दाखवला की फुकट जातो."

टांगेवाला आमच्या गल्लीतलाच, मुसलमान, वडिलांच्या वयाचा. मी त्याला चाचा म्हणायचो. चार महिन्यांपूर्वी यानेच टांग्याला पडदा लावून, वाटेत अडवणाऱ्यांना "आत जनाना आहे" असं सांगत, आम्हा सगळ्यांना हद्दीपर्यंत पोचवलं होतं. वडिलांनी त्याला एवढंच सांगितलं, "जिथं पाखरं असतील तिथं चला." त्याने एकदा वळून पाहिलं. शेटजींचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. मला तर वाटलंच होतं.

आधी मोती तलाव. तिथे बगळे, पाणकोंबड्या आणि धुणं आपटणाऱ्या बाया. बायांनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वडील खाकरून मागे फिरले. मग घाणेवाडीचं तळं. काठाच्या बाभळीवरून काहीतरी निळं चमकलं आणि मी ओरडलो. वडिलांनी पागोटं सावरत हात जोडले. त्या निळ्या पाखराने पाण्यात सूर मारला आणि चोचीत मासोळी घेऊन ते फांदीवर जाऊन बसलं.

"मासे खातो व्हय नीळकंठ!" जोडलेले हात झटकत वडील माझ्यावरच खेकसले. "कशाला बी हात जोडायला लावतो."

तो खंड्या होता. नीळकंठसुद्धा काही पंचामृतावर जगत नाही, टोळ आणि सरडे खातो, हे मला पुष्कळ पुढे कळलं. वडिलांना मी ते कधीच सांगितलं नाही.

दुपार उतरली तसे आम्ही देऊळगावराजाच्या रस्त्याला लागलो. तारायंत्राच्या तारांवर कोतवाल होते, वेडे राघू होते, आणि मधूनमधून एक मळकट, तपकिरी, थोराड डोक्याचा पक्षी. तो सकाळपासून दिसत होता. कधी या खांबाजवळ, कधी त्या. त्याच्याकडे बघायला आम्हाला फुरसत नव्हती, आम्हाला निळा हवा होता. ऊन तिरपं झालं. घोडा थकला. वडील तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते.

"छोटे शेट," चाचा म्हणाला, "सकाळपासून काय हुडकून राह्यले तुम्ही? बोला तरी."

मला राहवलं नाही. "नीळकंठ," मी म्हणालो. "दिसला तर आम्ही इथं राहणार. न्हाई तर मारवाडात जाणार."

"गाढवा!" वडील ओरडले. "नासवलंस सगळं!"

चाचाने टांगा थांबवला. बराच वेळ तो लगाम धरून नुसता बसून राहिला. मग त्याने चाबकाच्या दांड्याने वर, तारेकडे दाखवलं. तोच मळकट पक्षी.

"हा काय. बसला की मातीवानी दिसतो, उडला की निळा."

त्याने हवेत चाबूक फटकन वाजवला. पक्षी तारेवरून सुटला, पंख उघडले आणि निळ्यात निळं असं काही झालं की वडील टांग्यातून उडी टाकून रस्त्यात उभे राहिले. हात जोडलेले आणि डोळ्यांतून पाणी. मीही रडलो. दिवसभर शकुन आमच्या डोक्यावर बसला होता आणि आम्ही त्याच्याखालून टांगा हाकत होतो.

बोलून टाकलेला, वर चाबकाने उडवलेला शकुन चालतो का? कापसाच्या बोंडाबोंडावरून हुज्जत घालणाऱ्या वडिलांनी ते विचारलं नाही. मला विचारायची छाती झाली नाही.

परतताना चाचा म्हणाला, "तुमचं ठरलं मंग, शेटजी?"

"ठरलं. घरच्यांना आणायला टांगा तुमचाच."

"बराबर. अच्छा झालं."

वेशीजवळ वडिलांनी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. त्याने ती कपाळाला लावली आणि घोड्याच्या साजात खोचली.

चार दिवसांनी त्यानेच आई आणि बहिणींना घरी आणलं, या वेळी पडदा न लावता. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या दारातला टांगा दिसेना. कुणी म्हणे हैदराबाद, कुणी म्हणे कराची. वडील दोनदा त्याच्या घरापर्यंत जाऊन आले. कडीला कुलूप होतं.

तारेखाली टांगा थांबवून तो एवढा वेळ गप्प का बसला होता, याचा मी अजून विचार करतो आणि दर वेळी मला वेगळंच उत्तर मिळतं. एक मात्र नक्की आठवतं. त्याने आम्हाला विचारलं होतं. आम्ही त्याला नाही विचारलं. जायचं की राहायचं, हा प्रश्न सबंध दिवस त्या टांग्यात तिघांचा होता, आणि आम्हाला वाटत राहिलं की तो आमचा दोघांचाच आहे.