सुकटीचा रस्सा आणि विषाचा संशय

नोकरीत गुन्हे बरेच उघडकीस आणले, पण न घडलेला गुन्हा उघडकीस आणण्याचा आनंद एकदाच मिळाला. अकोल्यात, साठ सालानंतरच्या दिवसांत.

सकाळची हजेरी आटोपत होती, तोच एक शेतकरी ठाण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ शाळामास्तर. मन खचून तो दवाखान्यात पडला होता आणि नव्या गोळ्यांनी हसू-बोलू लागला होता. पण बायकोचा डबा खाऊन दोनदा त्याचे डोके फुटायची वेळ आली, मान ताठली, रक्तदाब भलताच चढला.

"दवाखान्याचं खाते तं बरा रायते, सायब. भासून माह्या भावाले विष देऊन राहिली."

आरोप भासूनवर, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोवर होता आणि कलम गंभीर होते. बाईला अटक झाली असती तर कडेवरची पोर उघड्यावर पडली असती.

तिला ठाण्यात बोलावले, बाकावर बसवून चहा मागवला. तिने हात लावला नाही. खोटे बोलणारा मोघम बोलतो, हा माझा अनुभव. ही तर डब्यात काय काय घातले, ते मिठापर्यंत सांगत होती. डॉक्टरांनी पथ्य पाळायला सांगितले होते, आणि पथ्य म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

"तेल नाई, तिखट नाई, वांगं नाई," ती म्हणाली. "त्याईले सुकट आवडते, म्हणून दोनी खेपेले पातळ रस्सा केला. उरला तो मी अन् पोरीनं खाल्ला."

विष असते तर या दोघी कशा वाचल्या? मी तडक दवाखाना गाठला. सुकटीचे नाव ऐकताच डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. या गोळ्यांवर मुरलेले, आंबवलेले, सुकवून ठेवलेले खाल्ले की रक्तदाब उसळतो.

"परदेशात जुन्या चीजनं असं होतं, हे वाचलं होतं," ते म्हणाले. "अकोल्यात चीज कोण खातो, म्हणून मी बोललोच नाही."

मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. पुढे रासायनिक तपासणीतही विष निघाले नाही. तक्रार घेऊन आलेल्या थोरल्या भावाला मी एकच शिक्षा दिली: रोजचा ताजा डबा त्यानेच न्यायचा. वॉर्डाच्या दारात सिस्टर झाकण उघडून चौकशी करायची आणि हा गडी मान खाली घालून भासूनने काय शिजवले ते सांगायचा.

संशयिताला 'का केलंस' विचारण्याआधी 'काय केलंस' ते नीट ऐकावे, हे मी तेव्हा शिकलो.

मास्तर पुन्हा फळ्यापुढे उभा राहिला, तेव्हा ती पोरीला घेऊन ठाण्यात आली. त्याच बाकावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "सायब, त्या दिवशीचा चहा रायला होता."