दोन्ही नर

आमच्या कॉलेजातल्या नमुन्यांच्या बरण्या वर्षातून एकदाच उघडल्या जायच्या, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. बेंगळूरात त्या सणाला सायकलीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळ्यांना आंघोळ, कुंकू आणि झेंडू. साठ सालानंतरची गोष्ट. मी प्राणिशास्त्राची नवी डेमॉन्स्ट्रेटर. नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि स्वभाव मुळातच आगाऊ.

आमचे शिपाई इथल्याच जुन्या मराठी घरातले. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. त्यांनी दोन शेवंड, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, फॉर्मेलीनमधून काढले, नळाखाली धुतले आणि माझ्यापुढच्या ट्रेमध्ये ठेवले. काटेरी पाठ, लांब मिशा, रंग कधीच उडून गेलेला. एका बरणीवर ‘नर’, दुसरीवर ‘मादी’ अशी चिठ्ठी, आमच्या विभागप्रमुखांच्या सुंदर अक्षरात. नराची शेपटी गुळगुळीत, मादीच्या शेपटीवर आडव्या खाचा, असं ते दहा वर्षं शिकवत होते. मीही त्यांच्याच वर्गात ते पाठ केलं. समुद्र इतका लांब, जिवंत शेवंड आमच्यापैकी पाहिलाय कुणी?

मी खाचेतून नख फिरवलं. कडा करंजीच्या मुरडीसारखी नागमोडी. मग सहज दोघांना उलटं केलं आणि पायांची बुडं तपासली. शेवंडाच्या मादीची छिद्रं तिसऱ्या पायांच्या बुडाशी असतात, नराची शेवटच्या. इथे दोघांचीही शेवटच्याच! मिशांमधल्या पट्टीवरचे काटे मोजले, त्यांच्या संख्येवरून जात ओळखतात. गुळगुळीत शेपटीवाल्याला दोन, खाचांवाल्याला चार. या दोन जवळच्या पण वेगळ्या जाती होत्या. दहा वर्षं आम्ही दोन परक्या पुरुषांचा संसार मांडून दिला होता. मला नाचावंसं वाटत होतं.

“अक्का, स्वल्प दमानं,” अण्णा म्हणाले. “साहेबांचं अक्षर हाय ते. नोकरी पक्की होऊ द्या आधी.”

त्यांचं खरं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. साहेब पूजेची तयारी बघायला आले आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

त्यांनी चष्मा लावला. शेवंड उलटे केले, काटे मोजले, पुन्हा मोजले. मग ते स्टुलावर बसले.

परीक्षेत तू काय लिहिलं होतंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक नर, एक मादी. पैकीच्या पैकी मिळाले होते.

“तुझ्या आधीच्या एका मुलीनं ‘दोन्ही नर’ लिहिलं होतं,” ते म्हणाले. “मी तिचे गुण कापले. वर लाल शाईनं लिहिलं, नीट बघत जा.”

माझा सगळा तोरा उतरला. मी शेवंड हातात घेऊन पाहिला होता. तिला परीक्षेत बंद बरणीच मिळाली असणार, तिनं काचेतूनच पाहिलं होतं.

साहेबांनी स्वतःच्या दोन्ही चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. नव्या चिठ्ठ्या मला लिहायला लावल्या. मग अण्णांना जुनं हजेरीपुस्तक आणायला सांगितलं. तिचा पत्ता शोधायचा होता. पत्राचा मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. खाली त्यांनी सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“तुझीही कर,” ते म्हणाले. “यापुढे या बरण्या तुलाच शिकवायच्या आहेत.”