चार कोंबड्यांचं स्मार्ट खुराडं

निवृत्त होऊन आम्ही पुण्याहून आळे गावी शेतावर राहायला आलो, आणि आमचे हे म्हणाले, "चार कोंबड्या पाळू." उभ्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी साधं सुचलं होतं. मी खूश झाले.

शेजारच्या उसात बिबट्या असतो, म्हणून खुराडं भक्कम हवं, इथवर मलाही पटलं. पण मग यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला घेतले. दार आपोआप उघडणारं हवं, तेही मोबाइलवरून. म्हणजे वायफाय आलं. दार आहे तर कॅमेरेही हवेत. वीज जाते, म्हणून सोलर. सोलरवर सावली नको, म्हणून माझा शेंगांनी लगडलेला शेवगा तोडला. कोंबड्यांचं मन शांत राहावं म्हणून बासरी वाजवणारा स्पीकरही लागला.

"अहो, पण कोंबड्या?"

"अगं, आधी सिस्टिम तर उभी राहू दे!"

सिस्टिम उभी राहिली. खुराड्याची चक्क पूजा झाली. पेठ गावाहून माझा भाऊ आला, भावकी जमली. हे कडक इस्त्रीचा झब्बा घालून, कमरेत वाकून आत शिरले आणि मोबाइलवर बोट टेकवलं. दार झोकात बंद झालं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात लाइट गेली. सोलरची वायर जोडायची राहिली होती. वायफाय गेलं, दार हलेना.

हे आतून बोट टेकवत राहिले. भाऊ जाळीला डोळा लावून म्हणाला, "दाजी, अंडं दिल्याबगर दार उघडत न्हाई का काय?"

भावकी हसून लोळायची बाकी राहिली. हे मात्र आतून गंभीरपणे सोलर समजावून सांगत होते. मला कीव आली. पण हसूही आवरेना. चहा झाला होता. दाणे टाकायच्या फटीतून कप जाईना, म्हणून बशीत ओतून सरकवला. यांनी मुकाट्याने प्यायला.

शेवटी भावाने छताचा पत्रा उचकटला. हे शिडीवरून बाहेर आले. झब्बा फाटला होता, केसांत भुसा होता. झटकत म्हणाले, "चाचणीच घ्यायची व्हती मला." रागावले की यांची पुण्याची भाषा पळून जाते.

पुढच्या बाजाराला मीच चार कोंबड्या आणल्या आणि जुन्या लाकडी खोक्याला जाळी ठोकून, कडी लावून त्यात ठेवल्या. यांनी बरेच दिवस त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ऑम्लेट मात्र रोज खाल्लं.

स्मार्ट खुराड्यात आता कांदे भरलेत. हवा चांगली खेळते. परवा हे त्याच्यासमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभे होते.

"कांद्यातला ओलावा मोबाइलवर दिसला तर?"

मी दाण्यांचं टोपलं त्यांच्या हातात दिलं आणि मोबाइल काढून घेतला.