एकवीस दाते

नसरुद्दीन मुकादम हा रियाधमधल्या कोकणी मंडळींचा मेकॅनिक. त्याला बघून गाडी खोकायची थांबते, असं लोक म्हणत. दाभोळच्या या माणसाला स्वतःची स्तुती ऐकायला आवडायचं, आणि कुणी केली नाही तर तो स्वतःच करून मोकळा व्हायचा.

त्या नावलौकिकात अर्धा वाटा हम्मादचा होता, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. यमनचा हम्माद शहराबाहेरच्या तश्लीहमध्ये, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांच्या बाजारात, जुने सुटे भाग विकायचा. त्याचा एक नेम होता. गाडीतून काढलेला भाग हातात घेतल्याशिवाय तो दुसरा द्यायचा नाही. दोन्ही शेजारी ठेवून भोकं जुळवायचा, दाते मोजायचा. "जुना नाही आणला? खलास, घरी जा," म्हणायचा. अकरा वर्षं हम्माद मोजत राहिला आणि नसरुद्दीन त्याचा चहा पीत बसला.

नव्वद साली इराकने कुवेत गिळलं आणि यमनने इराकची बाजू घेतली म्हणून यमनी माणसांना सौदी सोडावं लागलं. हम्मादनेही पिकअपमध्ये संसार भरला आणि गेला.

जानेवारीत युद्ध पेटलं. रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली, तिथला विमानतळ प्रवाशांना बंद झाला. इलेक्ट्रिशियन उदय सावंतची बायको हेमलता तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिला गावी जायला जेद्दाहून शुक्रवारच्या विमानात जागा मिळाली होती. त्यानंतर डॉक्टर प्रवास करू देणार नव्हते. जेद्दा साडेनऊशे किलोमीटर, आणि उदयच्या व्हॅनची क्लचप्लेट जळालेली. नव्या भागांची दुकानं बंद.

"नसरूभाई, होईल ना?"

"गुरुवारी दुपारी चावी घेऊन जा. मी आहे ना!"

बुधवारी तो तश्लीहला गेला. जुनी प्लेट गॅरेजच्या टेबलावरच राहिली. विसरला असता तर एक वेळ माफ होतं. पण ही व्हॅन आपण झोपेतसुद्धा उघडू, असा त्याचा तोरा. हम्मादच्या जागी बसलेला नवा माणूस "सेम सेम" म्हणाला. नसरुद्दीनने वीत लावून पाहिली. आकार तोच होता, प्लेट घेऊन तो परतला.

गुरुवारी ती बसवायला घेतली, तर शाफ्टवर सरकेना. तेव्हा त्याने मधल्या भोकातले दाते मोजले. जुनीचे एकवीस, हिचे चोवीस. त्या वर्षी त्या व्हॅनमध्ये दोन प्रकारची इंजिनं यायची, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो धावत तश्लीहला गेला. भोंग्याच्या धास्तीने सगळे कुलूप लावून गेले होते.

परत आला तर उदय आणि हेमलता बॅगा घेऊन दारात उभे. ओळखीच्यांच्या गाड्या आधीच निघून गेलेल्या, आणि तेवढ्या लांब यायला कुणी टॅक्सीवाला तयार नव्हता.

"प्लेट फुटकी निघाली रे," नसरुद्दीन म्हणाला. "त्या माणसाने फसवलं."

टेबलावर दोन्ही प्लेटा शेजारी पडल्या होत्या. उदयने दोन्हींच्या मधल्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि बॅगा उचलल्या. हेमलताच म्हणाली, "असू दे भाऊ, तुम्ही तरी काय करणार?"

फेब्रुवारीत तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. नऊ दिवस जगली. गावी पोचली असती तर वाचली असती का, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसरुद्दीनने त्या वाक्याचा आधार घेऊन पाहिला, पण तो काही पुरला नाही.

पुढे त्याने चिपळूणला गॅरेज टाकलं. तिथे तो प्रत्येक भाग तीन-तीनदा मोजायचा. म्हातारा चळलाय, असं गिऱ्हाइकं हसून म्हणत.

बारा वर्षांनी एका दुपारी उदय आला. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली क्लचप्लेट टेबलावर ठेवली.

"जुनी बरोबर आणलीय, नसरूभाई. दाते मोजून घे."

नसरुद्दीनने बोट टेकवलं, पण मोजणं चारच्या पुढे जाईना.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," उदय म्हणाला, आणि प्लेट आपल्याकडे ओढून पहिल्या दात्यापासून मोजू लागला.